ओळखीची मिशी

तमाम जनतेला, डोक्यावरचा पदर नीट करून, घसा दोनदा साफ करून आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीला जरा वेळ गप्प बसण्याची विनंती करून, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की आमच्या गावात सोयाबीनची काढणी सुरू झालेली आहे. परिस्थिती नियंत्रणात आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. ज्यांना घाबरल्याशिवाय चैनच पडत नाही त्यांनी सरळ आमच्या दुकानात यावं. तिथं भिंतीवर टीव्ही आहे आणि तो सकाळपासून चालू आहे.

हसलात ना? हसा. मलाही हसत हसतच बोलायची सवय आहे. बारशापासून दिवसकार्यापर्यंत कुठंही चार बाया जमल्या की त्यांना जागेवर खिळवून ठेवायचं काम माझ्याकडं असतं आणि ते मी मोठ्या आनंदानं करते. पण आज हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं. दुपारी एक फोन आला होता.

"ताई, मी दत्तू. उमरीचा. सुगी लागली ना तिकडं? येऊ का यंदा?"

एवढंच बोलला तो. आणि जिला बोलायला कधी शब्द कमी पडले नाहीत ती मी, "दुकानात गिऱ्हाईक आहे रे, थोड्या वेळानं करते," असं म्हणून फोन ठेवून दिला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. एक मांजर होतं आणि तेही झोपलेलं.

आमचं गाव लातूरहून रेणापूरला जाताना लागतं. रस्त्याला लागून किराणा आणि भुसाराचं दुकान, दुकानाच्या पाठीमागं घर. दिवाळीच्या आधीच्या या दिवसांत आमच्याकडचं ऊन हळदीच्या पाण्यासारखं होतं. शेंगा वाळलेल्या असतात, शिवारातून चाललं की पायाशी खुळखुळ वाजते. मळणी यंत्र कुठंतरी लांब घरघरत असतं, जवळ आलं की त्याच्यापुढं माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. भुसकटाची धूळ केसांत जाते, गळ्यात जाते, वाळत घातलेल्या लुगड्यात जाते. सगळं गाव मान खाजवत हिंडतं. दुकानात पोती येऊन पडतात आणि त्यांचा तो कच्चा, तेलकट, थोडासा मातीचा वास घरभर होतो. माझ्या माहेरी, उमरीला, याच दिवसांत कापूस फुटतो. तिकडची सुगी पांढरी आणि बिनआवाजाची. इकडची खडखडाटाची. लग्न करून आले तेव्हा पहिली काही वर्षं मला वाटायचं, इथं पीकसुद्धा भांडतंय.

धान्य घरात आलं की दारात माणसं येतात, ही आमच्याकडची जुनी रीत. नंदीबैलवाले येतात. सुया, पोत आणि काळे मणी विकणाऱ्या बाया येतात. आणि दरवर्षी, सगळ्यांच्या मागून, फौजदार गडगडे येत असत.

फौजदार गडगडे म्हणजे आमचा दत्तू. बहुरूपी. बाप बहुरूपी, आजा बहुरूपी. त्यांची वस्ती उमरीच्या बाजूला, म्हणून मी त्याची माहेरची ताई. अंगात खाकी कपडे, हातात वेताची छडी, डोळ्यांवर बिनकाचेचा काळा चष्मा आणि ओठांवर बोकडाच्या केसांची अशी मिशी की ती आधी दुकानात शिरायची आणि दत्तू नंतर. बसथांब्यावर उतरला की तो शिट्टी फुंकायचा. ती शिट्टी ऐकली की गावातली झाडून सगळी लेकरं किंचाळत त्याच्या दिशेनं पळायची आणि जवळ गेल्यावर परत किंचाळत उलटी पळायची.

आमच्या दुकानापुढं आला की छडी पायरीवर आपटायचा.

"गंगाबाई कोण आहे इथं? वरून हुकूम निघालाय!"

गंगाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. घरात त्यांना सगळे अव्वा म्हणतात. आमच्या लोकांत आईला अव्वा म्हणतात, कर्नाटकाची हद्द काही फार लांब नाही. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, उंची दुकानातल्या गुळाच्या ढेपीपेक्षा थोडी जास्त, आणि आवाज मळणी यंत्राला भारी पडेल असा. त्या गल्ल्यावरून उठायच्या, कंबरेवर हात ठेवायच्या.

"काय गुन्हा केला रं मी, फौजदारा?"

"सुनेच्या हातचा चहा पाणचट हाय, अशी चार घरांत बदनामी केली. साक्षीदार हजर हाय. कलम साडेसात, पोटकलम पावशेर!"

आणि हे खरंच असायचं! हीच तर गंमत. दत्तू गावात शिरला की आधी पाणक्यापासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांशी गप्पा मारायचा आणि घरोघरचा ताजा गुन्हा गोळा करायचा. कुणाचं काय चाललंय हे त्याला तलाठ्यापेक्षा जास्त माहीत. अव्वा मग दोन्ही मनगटं पुढं करायच्या. उजव्या मनगटावर त्यांच्या लहानपणी गोंदलेला नंदी आहे, आता जरा पसरट झालेला. दत्तू खिशातून सुतळी काढून त्या मनगटांना बेड्या घालायचा. जामीन म्हणून सूपभर ज्वारी घ्यायचा. लोक पोट धरून हसायचे. मी तर रडेपर्यंत हसायचे. नाटक बघायला मला लातूरला जावं लागत नव्हतं, ते दरवर्षी पायरीवर यायचं.

मग ती सुगी आली, जिच्याबद्दल मी बोलून राहिले आहे.

टीव्ही आमच्या दुकानात आधीपासून होता, पण त्यावर अव्वा वचनं आणि कीर्तनं ऐकायच्या. त्या वर्षी कुणीतरी बातम्यांचं एक चॅनेल लावलं आणि ते लागलं ते लागलंच. पडद्याच्या खालून लाल पट्टी धावायची. पाठीमागं ढोल वाजावेत तसं संगीत. आणि एक निवेदिका, माझ्यापेक्षाही नाटकी, खरं सांगते मला तिचा हेवा वाटला, ती कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन म्हणायची, "तुमची मुलं या क्षणी कुठं आहेत? एकदा मागं वळून बघा."

दुकानाच्या पायऱ्यांवर बसलेले सगळे बाप्ये मागं वळून बघायचे. मागं रस्ता असायचा. रस्त्यावर एखादं कुत्रं. पण वळलेल्या मानेला आता रस्ता वेगळा दिसायचा.

लेकरं पळवणारी टोळी मराठवाड्यात शिरली आहे का, असं ते विचारायचे. पडद्यावर शेवटी प्रश्नचिन्ह असायचं. पण प्रश्नचिन्ह काही ऐकू येत नाही, आणि आमच्या दुकानात टीव्ही बघण्यापेक्षा ऐकलाच जास्त जातो. त्यासोबत एक चित्र दाखवायचे. पांढरी गाडी, एक भिंत, आणि रडणारं एक लेकरू. कुठलं होतं, कधीचं होतं, देव जाणे. तेच लेकरू सकाळी रडायचं, दुपारी रडायचं, दिवेलागणीला रडायचं. अव्वा ज्वारी निवडता निवडता मान वर करायच्या आणि सुस्कारा सोडायच्या.

"परत एक गेलं बघ."

"अव्वा, ते सकाळचंच आहे."

"सकाळचं निराळं. ते जास्त रडत होतं."

मी हसले होते तेव्हा. कुणाकुणाला नक्कल करूनही दाखवली. पण अव्वांच्या हिशेबात रोज नवनवी लेकरं जात होती, आणि अव्वांसारखे कान घरोघर होते.

गावात पिंटू नावाचा एक जण आहे. मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, आणि जोडीला तो त्या चॅनेलचा तालुक्याचा वार्ताहर. दोन लेकरांचा बाप, स्वभावानं गरीब. त्याच्याकडं चॅनेलचं नाव लावलेला माइक आहे, त्याला तो बूम म्हणतो आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून ठेवतो, भुसकट जाऊ नये म्हणून. एक दिवस तो पिशवी काढून आमच्या पायरीवर आला.

"अव्वा, भीती वाटते का तुम्हाला? या टोळीची?"

"मला?" अव्वा म्हणाल्या. "आता या वयात मला पळवून कोण काय करणार हाय? भीती वाटते ती कुकरच्या शिट्टीची. सून तिकडं गप्पा मारीत बसती आन् हिकडं कुकर उडंल असं वाटतंय."

सगळे हसले. पिंटूही हसला. संध्याकाळी टीव्हीवर अव्वा दिसल्या. विभूतीचे पट्टे, मागं सोयाबीनची पोती, आणि त्या म्हणत होत्या, "भीती वाटते." बस्स. पुढं ढोल.

आता मला सांगा, माणसानं अशा वेळी काय करावं? खळखळून हसावं. मी वाट बघत होते की अव्वा आता पिंटूच्या नावानं ठणाणा करतील. पण त्या पडद्याकडं बघत राहिल्या. स्वतःचं ते भेदरलेलं तोंड बघत राहिल्या. (भेदरलेलं नव्हतंच, पण त्या ढोलानं तसं दिसत होतं.) मग हळूच उठल्या आणि मागच्या दाराला कडी घातली.

"अव्वा, तुम्ही कुकरबद्दल बोलला होता."

"हाव," त्या म्हणाल्या. "पर भीती वाटते असं मीच म्हणले ना? उगंच म्हणले असंल का?"

त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा भीती वाटली. टोळीची नव्हे. त्या कडीच्या आवाजाची.

दुसऱ्या दिवशी उमरीहून माझ्या भावाचा फोन. "ताई, गिरिजाला शाळेत धाडू नको. टोळी लातूरला आली म्हणून दाखवून राहिलेत." मी म्हटलं, "अरे, आमच्याकडं तर दाखवतायत ती नांदेडला आहे म्हणून. तूच पोरांना सांभाळ." मी इथं त्याच्यासाठी घाबरले, तो तिथं माझ्यासाठी. मधल्या सगळ्या रस्त्यावर, अहमदपूर, लोहा, प्रत्येक गावात कुणीतरी असंच फोन कानाला लावून पलीकडच्यासाठी घाबरत असणार. मी पिंटूला गाठलं.

"खरं सांग. तू बघितलंय का काही?"

"न्हाई ताई. मी निस्तं पाठवलं होतं की लोकांत चर्चा हाय. वरून मागतेत. पण त्यांनी नांदेडचं दाखवलंय. नांदेडला असंल तर इथं याला किती वेळ लागतो?" त्याचा चेहरा खरोखरच उतरला होता. "मी माझी दोन्ही लेकरं देवणीला धाडली, सासुरवाडीला."

ज्यानं बातमी पाठवली, त्याचीच लेकरं तीच बातमी बघून घरातून गेली होती. यावर मी एरवी तासभर रंगवून बोलले असते. त्या दिवशी मी सरळ घरी आले आणि आमचीही लेकरं मोजली.

गिरिजा म्हणजे माझी धाकटी लेक, तेव्हा दुसरीत. एका दुपारी शाळा सुटली आणि ती आली नाही.

त्या दुपारचं ऊन मला अजून आठवतं. मी चपला न घालता पळाले. रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनवरून पळाले, दाणे पायाखालून सटकत होते, मालक ओरडत होता, "ओ वहिनी!" आणि पळता पळता मी माणसं बघत होते. फुगेवाला. सुया विकणारी बाई, पाठीला झोळी. त्या बाईकडून मी कित्येक वर्षं सुया घेत होते. तिचं नाव मला माहीत, तिच्या थोरलीचं लग्न कुठं झालं ते माहीत. पण त्या क्षणी मला फक्त तिची झोळी दिसली. झोळी केवढी आहे ते दिसलं. तिच्यात किती मावेल ते दिसलं. ती म्हणाली, "काय झालं गं माय?" आणि मी तिच्यापासून दोन पावलं मागं सरले. ते डोळे माझे नव्हते. आमच्या भिंतीवरून उतरून ते माझ्या तोंडावर येऊन बसले होते.

गिरिजा सापडली ती वरच्या आळीत एका मैत्रिणीच्या घरी, चुरमुरे खात. टोळीच्या धास्तीनं मास्तरांनी लेकरांना आळीवार रांगा करून घरी धाडलं होतं, आणि आमची बया चुकीच्या रांगेत उभी राहिली. एरवी ती एकटी, नाचत, सरळ घरी आली असती. तिला हरवलं होतं ते भीतीनंच. मी तिला एक धपाटा घातला आणि मग तिला कवटाळून इतकी रडले की चुरमुरे ओले झाले.

सुयावाली त्यानंतर आमच्या गावात दिसली नाही. नंदीबैलवाले वेशीवरूनच परत गेले, कुणी म्हणालं की दगड पडले, कुणी म्हणालं की नाही पडले. तरण्या पोरांनी गस्त सुरू केली. सुगीत काठ्या कोपऱ्यात पडून असतात, त्या आता हातात दिसायला लागल्या. काठी हातात आली की माणसाची चालच बदलते, हे मी तेव्हा पाहिलं. बाजाराला जाणारा साधा माणूससुद्धा तिच्यामागं ओढला गेल्यासारखा चालतो.

आणि आठवडी बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत, बसथांब्यावरून शिट्टी ऐकू आली.

दत्तूला काही माहीत नसावं. तो गावोगाव पायी आणि एसटीनं हिंडणारा, त्याच्या पालात कुठला टीव्ही. किंवा ऐकलं असेल, पण आपल्या गावात आपल्याला कोण काय करणार, असं वाटलं असेल. शिट्टी वाजली. दरवर्षी त्या आवाजाकडं पळणारी लेकरं त्या दिवशी घरांकडं पळाली. किंचाळली तशीच, पण ते किंचाळणं वेगळं होतं. भाजीवाल्यांनी टोपल्या ओढल्या. कुणाच्या तरी दुकानाचं शटर खाड्कन पडलं.

दोन दिवसांपासून टीव्हीवर एक नवीन वाक्य होतं. टोळी वेशांतर करून फिरते.

आमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर त्याला घेरलं. मी पायरीवर उभी होते. सगळं दिसत होतं.

"कोण रे तू?"

"फौजदार गडगडे!" दत्तूनं छडी उगारली आणि लगेच हळूच खाली घेतली. समोरच्यांच्या काठ्या त्याला तेवढ्यात दिसल्या असाव्यात. "आवो, मी बहुरूपी. दरसालचा. वळखलं न्हाई का?"

"आधार काढ!"

त्यानं काढलं. कुणीतरी हिसकावून मोठ्यानं वाचलं. "उमरी! जिल्हा नांदेड!"

"नांदेडकडनंच निघाली म्हणले होते! कालच दाखवलं!"

"आन् ह्या फोटूत तर मिशी न्हाई! फोटू दुसऱ्याचाच हाय!"

"मिशी उपट त्याची! खरं तोंड दिसू दे!"

आणि एका हातानं ती मिशी ओढली. टराऽऽक असा आवाज झाला. ती धुळीत पडली. चष्मा कधीच पायाखाली गेला होता.

मग जे झालं ते मला अजून अंगावर येतं. गर्दी एकदम गप्प झाली. त्यांना वाटलं होतं, मिशी काढली की खरं काय ते कळेल. पण मिशीखालचं तोंड गावात कुणीच, कधीच बघितलं नव्हतं! आम्ही कित्येक वर्षं ज्याला ओळखत होतो, तो त्या बोकडाच्या केसांचा फौजदार होता. त्याच्या खाली एक बारीक, काळवंडलेला, वरचा ओठ लालबुंद झालेला माणूस होता आणि तो कुणाच्याच ओळखीचा नव्हता. खरं तोंड समोर आलं, आणि त्याच क्षणी तो परका झाला.

"बघा!" कुणीतरी ओरडलं. "हा कोण हाय? कधी बघितलाय का कुणी?"

काठ्या वर झाल्या. आमचे हे, माझे मालक, "अरे थांबा, थांबा," म्हणत गर्दीत घुसले, पण त्यांचं कोण ऐकतंय. मी तोंड उघडलं. मी! जिच्या आवाजाला लग्नात लाऊडस्पीकर लागत नाही ती मी. तोंड उघडलं आणि त्यातून वारासुद्धा आला नाही. दत्तू माझ्याकडं बघत होता. "ताई" म्हणायला त्याचे ओठ हलले. पिंटू एका हातगाड्यावर चढून मोबाइलमध्ये सगळं टिपत होता.

तेवढ्यात माझ्या शेजारून काहीतरी गेलं. अव्वा. चार दिवस मागच्या दाराला कडी घालून बसलेल्या अव्वा पायऱ्या उतरून गर्दीत शिरल्या. त्यांना वाट द्यावीच लागते. अर्ध्या गावाला त्यांनी हातानं गूळ चारलेला आहे. त्या दत्तूपर्यंत गेल्या, मान वर करून त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं. मग धुळीतून मिशी उचलली. फुंकर मारली.

"लाव रं आधी," त्या म्हणाल्या. "हे कुणाचं तोंड हाय, मला काय ठावं?"

दत्तूनं मिशी ओठावर धरली. डिंक सुटलेला. मिशी एका बाजूला लोंबायला लागली, तशी अव्वांनी टाचा उंचावून ती आपल्या अंगठ्यानं दाबून बसवली. दोन पावलं मागं सरल्या.

"हां. आता दिसला." आणि दोन्ही मनगटं पुढं केली. "घाल बेड्या. यंदा काय गुन्हा केला मी?"

सगळा बाजार थांबला होता. आता दत्तूचं वाक्य होतं. नाटकात असं होतं ना, सगळे एका वाक्यासाठी थांबलेले असतात. त्यानं खिशात हात घातला, सुतळी काढली. ती हातातून पडली.

"गुन्हा..." तो म्हणाला. "गुन्हा असा हाय की..." आणि मग त्या वाकड्या मिशीतून, फौजदाराच्या नव्हे, दुसऱ्याच बारक्या आवाजात, "अव्वा, मला घरी जाऊ द्या वो."

एक काठी हळूच खाली झुकली. मग दुसरी. कुणीतरी उगाच खाकरलं. कुणीतरी त्याचं आधार कार्ड त्याच्या खिशात परत घातलं आणि खिसा थोपटला. "तसं न्हाई रे बाबा, दिवसच असले हायत," असं म्हणत लोक पांगले. आमच्या पायरीवर दत्तूला चहा दिला. कपातला चहा बशीत, बशीतला मांडीवर. अव्वांनी आपल्या दस्तीनं, हातरुमालानं, त्याचा ओठ पुसला. मग यांनी त्याला स्कूटरवर बसवून लातूरला नेलं आणि नांदेडच्या गाडीत बसवून दिलं. साधा सदरा घालून, मिशी पिशवीत.

त्यानंतर तो आला नाही. शिट्टी ऐकू आली नाही. गिरिजा आता मोठी झाली, तिला तो अंधुक आठवतो. टोळी कधी सापडली नाही, कारण ती सापडायला असावी लागते. टीव्हीनं तेही सांगितलं नाही. नुसता विषय बदलला, आणि आम्हाला वाटलं की धोका टळला.

आज तो फोन. सोयाबीनची धूळ, पिवळं ऊन, आणि "येऊ का यंदा?"

दिवेलागणीच्या आधी मी फोन लावला.

"ये," म्हटलं. "ये रे दत्तू. गाव तुझंच आहे."

"साध्या कपड्यांत येऊ का ताई? सोंग नको म्हणतो. निस्ता येतो, बसतो पायरीवर."

"साध्या कपड्यांत आलास तर तुला ओळखणार कोण? मिशी लावूनच ये."

तो जरा हसल्यासारखा झाला. पलीकडं कुठंतरी एक बकरी ओरडत होती.

"अव्वा वळखतील ना, ताई?"

मी अव्वांकडं बघितलं. त्या भिंतीखाली बसल्या होत्या, मांडीवर सूप, तोंड वर, डोळ्यांत पडद्याचा लाल उजेड. आणि माझ्या तोंडात आलेलं "हो" तिथंच अडकलं. कारण त्याच जागी, त्याच बाजाराच्या दिवशी, दत्तूला गाडीत बसवून हे परत आले त्या संध्याकाळी, त्या अशाच बसल्या होत्या.

ढोल वाजले होते. लाल पट्टी धावली होती. पोलिसाच्या वेशातला तोतया, रेणापूर तालुक्यात गावकऱ्यांच्या तावडीत. शिट्टी होती, पळणारी लेकरं होती, "खरं तोंड दिसू दे" होतं. मिशी उपटली तिथं चित्र थांबवून तीनतीनदा दाखवलं. मग धुळीतून मिशी उचलणारा एक हात, नुसता हात, त्याच्याभोवती लाल गोल, आणि निवेदिका म्हणाली की हाच तो पुरावा. पुढचं काहीच नव्हतं. पुढं केलेली मनगटं नव्हती, सुतळी नव्हती, "घरी जाऊ द्या" नव्हतं. (पिंटू पुढं कितीदा तरी शपथेवर म्हणाला, "मी सगळं पाठवलं होतं ताई.") त्या लाल गोलात, हाताच्या मनगटावर, पसरट झालेला नंदी स्वच्छ दिसत होता. आणि पडद्याखाली तसाच नंदी सुपाच्या कडेवर होता, ज्वारी निवडता निवडता थांबलेला.

आम्ही दोघं अव्वांकडं बघत राहिलो. आता हसतील, म्हटलं. आता शिव्या घालतील.

अव्वांनी सूप बाजूला ठेवलं. छातीवर हात ठेवला. डोळे मोठे झाले होते.

"आगं माय!" त्या म्हणाल्या. "एवढं सगळं आपल्याच गावात झालं, आन् आपण कुठं होतो गं तवा?"